भुईठाणची रिकामी ओळ

भुईठाणच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला पहिल्यांदा आलेला पाहुणा एका जागी हमखास फसतो. प्रवचन संपतं, विश्वासांगीकार होतो आणि गावातली कुणी बाई वही घेऊन पुढे येते, श्रद्धावंतांच्या प्रार्थना वाचायला. प्रत्येक प्रार्थनेनंतर लोक म्हणतात, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." अशा सात-आठ प्रार्थना होतात आणि मग ती बाई वहीकडे बघत नुसतीच उभी राहते. पाहुण्याला वाटतं, माइक बंद पडला. एकदा मुंबईहून आलेले कुणाचे तरी जावई वायर हलवायला उठलेसुद्धा. सासऱ्यांनी त्यांना सदऱ्याला धरून खाली बसवलं. आणि तेवढ्यात, कुणी काही मागितलेलं नसताना, सगळं चर्च एका आवाजात म्हणतं, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." मग मिस्सा पुढे सरकते.

हे असं का, ते विचारायचं तर नतालबाबांना. मिस्सा सुटली की ते चर्चच्या ओट्यावर बसलेले असतात आणि पाहुण्यांनी विचारायची वाटच बघत असतात. यातलं अर्धं त्यांनी पाहिलेलं आहे, अर्धं आईकडून ऐकलेलं. कुठलं कोणतं, ते आता त्यांनाही सांगता यायचं नाही.

मिस्सा लॅटिन सोडून मराठीत आल्याला तेव्हा दोन-चार वर्षंच झाली होती, असं सांगतात. लोकांच्या प्रार्थना लोकांनीच लिहायच्या आणि वाचायच्या, असं फादरांनी ठरवलं आणि ते काम इमेल्दा घोन्सालविस हिच्याकडे आलं. इमेल्दा सातवी झालेली, मोगऱ्याच्या वाडीत राबणारी बाई. घरात ती, नवरा जोकीम आणि सासू फिलूमाय. मूलबाळ नव्हतं. तिने कामाची रीत स्वतःच लावली. दर शनिवारी दुपारी ती वही घेऊन आळीतून फिरे. एका आठवड्यात एक आळी, आणि आळीतलं एकही घर वगळायचं नाही. प्रत्येक घराची एक ओळ. कुणाची म्हैस आटलेली असे, कुणाच्या मुलीचं ठरत नसे, कुणाचा कान दुखत असे. ती सगळं लिहून घेई आणि शेवटी, आळी कुठलीही असो, आपल्या घराची एक ओळ घाली. बाई लिहून घेते तर देवाला ऐकावंच लागतं, असं लोक चेष्टेने म्हणत.

त्या वर्षी झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा, जवळ आला. आदल्या वर्षीच्या झावळ्या वाळक्या निघाल्या होत्या आणि इमेल्दाच्या मनाला ते लागून राहिलं होतं. ती जोकीमला म्हणाली, या वर्षी गाभ्यातल्या कोवळ्या आण, मिरवणुकीत शोभल्या पाहिजेत. गाभ्यातली झावळी काढायची तर माडाच्या अगदी शेंड्याला जाऊन, बाहेरची झावळी धरून आत झुकावं लागतं. शनिवारी सकाळी जोकीम एकामागून एक माड चढला. बावीस झावळ्या त्याने काढून खाली टाकल्या. तेविसावीच्या वेळी हातात धरलेली जुनी झावळीच बुंध्यापासून सुटली.

संध्याकाळी त्याला पुरलं. दुसऱ्या दिवशी मिरवणूक व्हायचीच होती. लोकांनी त्याच्याच झावळ्या हातात घेतल्या, कारण दुसऱ्या नव्हत्याच. इमेल्दा मिरवणुकीत चालली, पुढे गेली, प्रार्थना वाचल्या. आवाज कापला नाही. सणाच्या तयारीमुळे आळी त्या वेळी तिने शुक्रवारीच फिरून घेतली होती; तेव्हा लिहिलेली आपल्या घराची ओळ तेवढी तिने वाचली नाही, आणि त्या गडबडीत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर इमेल्दा रडली नाही. सुरुवातीला बायका म्हणाल्या, धीराची आहे. महिन्याने त्याच बायका म्हणू लागल्या, दगड आहे. तिला दोन्ही ऐकू येई आणि दोन्हींचं काही वाटत नसे. ती पहाटे कळ्या खुडी, त्यांचा वास येत नसे. फिलूमायला जेवायला वाढी, स्वतः जेवे, आणि काय जेवलो ते ताट उचलेपर्यंत विसरून जाई. आपणच त्याला वर पाठवलं हे तिला ठाऊक होतं, पण तेही एखाद्या दुसऱ्या बाईबद्दल ऐकावं तसं. शनिवारी ती वही घेऊन फिरे, कारण पाय तिकडे वळत. महिना झाल्यावरच्या मिस्सेला तिने जोकीमचं नाव मृतांच्या ओळीत वाचलं, आणि पुढची ओळ मास्तरांच्या मोतीबिंदूची होती, तीही वाचली. दोन्हींना आवाज एकच लागला.

त्या दिवशी मात्र ती मनाशी घाबरली, असं सांगतात. आपण पुढे उभं राहून 'आपण प्रार्थना करू या' म्हणतो, लोक भरवशाने उत्तर देतात, आणि आपल्या आत काहीच नसतं. ही सरळसरळ फसवणूक आहे. देवाची झाली तर तो बघून घेईल, पण मास्तरांनी डोळ्यांचं गाऱ्हाणं आपल्या हाती दिलं होतं. वही परत करायची, पुन्हा पुढे उभं राहायचं नाही, असं तिने ठरवलं. वही गेली असती तर शनिवारचं चार घरी जाणंही संपलं असतं, आणि त्याखेरीज ती माणसांत कुठे जातच नव्हती. हे तिलाही कळत होतं. तरी शेवटी, दोन-तीन आठवडे गेल्यावर, ती फादरांकडे गेली.

फादरांनी विचारलं, काय झालं?

"मना काय वाटतच नाय, फादर," ती म्हणाली. "रडाला येत नाय, मागाला येत नाय. मी खोटी वाचते."

फादरांनी समजूत घातली नाही, वचनं सांगितली नाहीत. पवित्र आत्म्याचा सण तोंडावर आहे, तेवढा रविवार वाचा आणि मग वही ठेवा, एवढंच ते म्हणाले.

शनिवारी ती शेवटचं म्हणून फिरून आली. फिलूमाय पडवीत बसली होती. म्हातारीला अक्षरओळख नव्हती, पण ओळी मोजता येत होत्या, आणि कुठल्या आळीत किती घरं तेही ठाऊक होतं. तिने वही मागून घेतली आणि बोट ठेवत ओळी मोजल्या.

"आपलं घर ऱ्हायलं," ती म्हणाली.

आठ रविवार राहिलंय, इमेल्दाने सांगितलं. लिहायला काही नाही.

"नाय तर नाय. पण घर वगलायचं नाय. ही तुझीच रीत हाय ना?"

म्हातारीचा मुलगा गेला होता, आणि या आठ आठवड्यांत तिनेही काही मागितलं नव्हतं, हे इमेल्दाच्या त्या क्षणी लक्षात आलं. कळलं, इतकंच, वाटलं काही नाही. तिने वही घेतली, शेवटी 'घोन्सालविस' असं घराचं नाव लिहिलं आणि पुढची ओळ कोरी सोडली.

रविवारी तिने सगळ्या ओळी वाचल्या. कोरी ओळ आली. तिच्या मनात होतं की सरळ वही मिटावी आणि खाली उतरावं. पण घर वगळायचं नव्हतं, आणि म्हणायला शब्द नव्हता. ती उभी राहिली. लोकांना वाटलं, पान चिकटलं असेल. मग वाटलं, चक्कर आली. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. फादर वेदीपाशी खाली मान घालून थांबले होते. इमेल्दा वहीतल्या त्या पांढऱ्या जागेकडे बघत होती, आणि किती वेळ बघत होती, ते नतालबाबा दर खेपेला वेगळं सांगतात.

पहिल्यांदा एकटी फिलूमाय म्हणाली, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." तिचा आवाज फाटका होता. मग मास्तर म्हणाले. मग बायका, ज्यांनी तिला दगड म्हटलं होतं त्याही, आणि मग सगळं चर्च.

त्या क्षणी आकाशातून काही उतरलं नाही, हे नतालबाबा मुद्दाम सांगतात, कारण पाहुण्यांना तसं काहीतरी हवं असतं. इमेल्दा तेव्हाही रडली नाही. तिला काही वाटलंही नाही, असं तिनेच पुढे सांगितलं म्हणे. फक्त वही फादरांकडे द्यायची ती विसरली आणि घरी घेऊन गेली.

पुढच्या शनिवारी ती फिरली, तेव्हा एका घरातली बाई दारात येऊन म्हणाली, "आमचीबी ती कोरीच लिव." त्या घरात काय होतं ते गावाला ठाऊक नव्हतं. इमेल्दाने विचारलं नाही, नाव लिहून घेतलं.

तीन वर्षं इमेल्दाच्या घराची ओळ कोरीच राहिली. चौथ्या वर्षी पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी तिने वाचलं, "आमच्या मायचे गुडघे थोडे कमी दुखावेत म्हणून." एवढंच वाचलं आणि तिचा आवाज फुटला. पुढचं वाचता येईना. हमसून रडणाऱ्या त्या बाईकडे पुरं चर्च बघत राहिलं. उत्तर द्यायचं भान राहिलं ते एकट्या फिलूमायला, आणि तिने ते आपल्याच गुडघ्यांसाठी दिलं.

त्या दिवशी कोरी ओळ बंद करायला हरकत नव्हती. पण तोवर दुसऱ्या दोन घरांची नावं कोऱ्या ओळीसाठी लिहिलेली होती.

आजही भुईठाणात शनिवारी वही फिरते. कोरी ओळ कुणाची, ते फक्त वाचणाऱ्या बाईला माहीत असतं आणि ती सांगत नाही. उत्तर मात्र सगळे देतात, आणि ज्या घराची ती ओळ, ते घर त्या रविवारी स्वतःलाच उत्तर देत असतं.