पितळी भोंगा आणि लाकडी ठोकळा

गाड्यांचे भाग आपसात बोलत असत, त्या काळची गोष्ट. बसच्या आगारात मेकॅनिक बायजाताई कुणाला तरी सांगत होत्या, "यंदा खंडेनवमीला पहिला हार लाकडी ठोकळ्याला..." पुढचं इंजिनाच्या घरघरीत बुडालं. पण ड्रायव्हरच्या खिडकीजवळच्या पितळी भोंग्याचा जळफळाट व्हायला तेवढं पुरे होतं. दरवर्षी पहिला हार त्याचा असे.

"काय रे ठोकळ्या, चाकाखाली लोळणाऱ्याला हार? माझ्या एका हाकेनं अख्खा रस्ता मोकळा होतो!"

"होतो की दादा," ठोकळा म्हणाला. "मी आपला नुसता बसून असतो."

खंडेनवमीच्या सकाळी बायजाताई ब्रेक दुरुस्त करायला गाडीखाली शिरल्या. आगाराचा नेमच होता, आधी चाकाला ठोकळा, मगच माणूस खाली. इतक्यात गाडी उतारावर हलली. भोंगा जिवाच्या आकांतानं ओरडला, पण ओरडून चाक थोडंच थांबतं? ठोकळा करकरला, त्याचा कोपरा चेपला आणि गाडी जागीच थांबली.

बायजाताई बाहेर आल्या, हात धुऊन हार घेऊन आल्या. पण काम बाकी होतं, ठोकळा काढणार कसा? त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं आणि हार भोंग्याच्या गळ्यात अडकवला. "तो कामावर आहे. तोवर त्याचा हार सांभाळ."

"म्हणजे यंदाही मान तुमचाच!" शेजारचा आरसा भोंग्याला म्हणाला.

"त्याचा आहे," भोंगा पुटपुटला. आत अजून थोडं जळतच होतं. "मी नुसता वास घेतोय."