न आलेल्या पाहुण्याचं पान

कोंडाबाईनं रसशाळेतल्या सगळ्या बरण्या रंगावर लावून टाकल्या आणि तिथंच घोटाळा झाला.

पिवळ्याशेजारी पिवळी, काळ्याशेजारी काळी. दिसत होतं मोठं झकास, तिच्या घरच्या फडताळासारखं. पण रसवैद्य नारोशास्त्र्यांनी एकेका मूलद्रव्याचा भार काढून, हलक्यापासून जडापर्यंत लावलेली ती रांग होती. आणि नेमका आजच राजा मानधवल ती पाहायला आला.

"हे कोणी केलं?"

"मीच," कोंडाबाई म्हणाली. "हातात केरसुणी असते, महाराज. डोकंही त्याच काड्यांचं."

राजा पक्का हट्टी. म्हणाला, "मग आता तूच लाव. भार चढत गेला पाहिजे आणि एका स्वभावाची द्रव्यं एकत्रही बसली पाहिजेत. दिवस मावळायच्या आत. नाहीतर चूलबोळकी उचल आणि शिवेबाहेर चालू लाग."

शास्त्रीबुवा कळवळले. "महाराज, हे होत नाही. भार सांभाळला की भाऊबंद पांगतात, भाऊबंद जमवले की भार विस्कटतो. यात माझी दाढी पिकली."

"तुमची पिकली तरी," कोंडाबाई म्हणाली. "माझी भुवई जळाली." ओल्या फडक्यानं एक बरणी पुसायला गेली, तर आतलं द्रव्य भडकलं होतं. साऱ्यांचे स्वभाव तिला असेच कळले होते, अंगावर घेऊन.

राहतं घर हातचं जायची वेळ आली, तशी तिनं पदर खोचला. "शास्त्रीबुवा, हलक्यापासून एकेक माझ्या हातात द्या."

भुवई जाळणारी ती बरणी पहिलीच आली; तिच्यापुढं बाकीच्या जमिनीवर ओळीनं मांडत ती निघाली. सहा-सात झाल्या असतील नसतील, शास्त्र्यांनी पुढची दिली आणि ती दोन पावलं मागं सरली. "अगबाई, हा दुसरा भुवईखाऊ!"

बरणी हातभर लांब धरून ती उभी राहिली. गावच्या प्रत्येक लग्नात पंगतीची पानं तीच मांडायची, कारण वाढायला दिलं तर आमटी सांडायची. भिंत आली की ओळ मोडायची आणि नवी ओळ पहिल्या पानाखालून धरायची, एवढं एक तिला येत होतं. तिनं दुसरा भुवईखाऊ पहिल्याच्या खाली नेऊन ठेवला.

आणि काय सांगावं! पुढचं मऊ द्रव्य मऊच्या खाली आलं, नाकाला झोंबणारं झोंबणाऱ्याच्या खाली. आडवं पाहिलं तर भार चढता, उभं पाहिलं तर एकेक घराणं. शास्त्रीबुवा गुडघ्यांवर बसून उभ्या ओळी पुन्हा पुन्हा तपासू लागले.

मधे एक बरणी मात्र वरच्याशी जुळेना. कोंडाबाईनं ती एक घर पुढं सरकवली, तशी ती आपल्या भावकीत चपखल बसली. मोकळ्या जागी तिनं रिकामी बरणी ठेवली.

राजानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. "हे काय?"

"पान मांडलंय, महाराज. पाहुणा यायचाय."

"कोण पाहुणा?"

"नाव ठाऊक नाही. पण डावीकडच्याहून जड असेल, उजवीकडच्याहून हलका. आणि वळण वरच्या नि खालच्या भावासारखं. रस्त्यात भेटला तर ओळखीन मी."

"म्हणजे ठाऊक नाही असंच ना? सरळ अज्ञान आहे हे तुझं!"

"आहेच की," कोंडाबाई म्हणाली. "पण माझ्या अज्ञानाला मी जागा नेमून दिलीय, महाराज. दरबारात ते वाटेल तिथं बसतं."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटून घेतले. राजानं एकवार आपल्या सिंहासनाच्या दिशेनं पाहिलं आणि असा हसला, असा हसला, की बरण्यांची झाकणं किणकिणली.

"घर तुझंच," डोळे पुसत तो म्हणाला. "आणि हा पाहुणा सापडेपर्यंत त्याचं पान आमच्या मुदपाकखान्यातून तुझ्या घरी येईल. रोज, पक्वान्नासकट."

तेव्हापासून शास्त्रीबुवा भट्ट्या पेटवून त्या पाहुण्याला शोधू लागले. कोंडाबाईही संध्याकाळी देवापुढं दिवा लावून हात जोडायची. "येऊ दे बाबा त्याला. पण सावकाश येऊ दे."