हिरीनं मांडलेला डोंगर

एका डोंगरावर कधीकाळी इतकी झाडं होती, की भर दुपारीही पायाखाली सावली सापडायची. पण पाड्यावरचे लोक दरवर्षी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडायचे. तोडतच राहिले बापडे! डोंगर बोडका झाला, झरा आटला आणि पाड्यावरच्या छोट्या हिरीची आई रोज दरी उतरून पाणी आणू लागली. तिच्या टाचांच्या भेगा बघून हिरीला रडूच यायचं.

एका सकाळी डोंगरावर एकट्या उरलेल्या उंबराखाली हिरीला इवलीशी परी दिसली. पोपटी पंख, त्यांना पांढरी कड, वर सोनेरी ठिपके, पण ओठ सुकलेले. हिरीनं आपल्या वाट्याचं पाणी तिच्यापुढे धरलं. परी अर्धंच प्यायली.

"एक इच्छा माग, बाळ. स्वतःसाठी मागशील, तर आत्ता मिळेल. डोंगरासाठी मागशील, तर झाडांच्या चालीनं, हळूहळू मिळेल. आणि कुठे काय लावायचं, ते तूच ठरवायचं."

"कधीच न आटणारा हंडा मागितला तर?"

"तुझ्या आईची पायपीट सुटेल. बाकीच्यांची नाही."

हिरीनं खाली पाड्याकडे पाहिलं. भेगा काय एकट्या आईच्या टाचांना होत्या? "मग डोंगरच दे," ती म्हणाली. "वरपासून खालपर्यंत नुसते आंबे!"

आंबे कुणाला आवडत नाहीत! पण परी हसली नाही. "आधी पाणी कसं धावतं ते बघ."

हिरीनं मातीचा चिमुकला डोंगर केला आणि वर थोडं पाणी ओतलं. माती घेऊन पाणी सरळ खाली पळालं. तिनं डोंगर पुन्हा रचला, माथ्यावर गवताच्या काड्या खोचल्या, उतारावर खडे आडवे लावले आणि उरलेलं पाणी ओतलं. ते थबकलं. मुरलं.

"वर गवत," हिरी हळूच म्हणाली. "मग आडवे दगड, करवंदी, ऐनाची झाडं. ओहोळाकाठी जांभळं. आंबे सगळ्यात शेवटी."

"आणि राब?"

"शेणाचा नि पेंढ्याचा लावू. या डोंगराला कोयता नाही लावायचा. मी सांगंन सगळ्यांना."

संध्याकाळी तिनं आईला सगळं सांगितलं, हंड्याचंही. आईनं कोयता उचलून आढ्याला खोचून ठेवला.

"माझं पाय चालतात अजून गं," ती म्हणाली. "उद्या दगड रचाया येते."

तिला पाहून एकेक घर आलं. दगड रचले, बिया टोकल्या. परी आपल्या पंखांचा रंग देत राहिली: गवताला पोपटी, करवंदीच्या फुलांना चांदणीसारखा पांढरा. दरवर्षी ती फिकट होत गेली. आणि आई दरी उतरतच होती. फार कठीण होते ते दिवस.

हिरी आईच्या खांद्याला लागली, त्या वर्षी भर उन्हाळ्यात झऱ्याच्या खडकाखाली ओल दिसली. मग बारीकशी धार आली. आई ओंजळभर पाणी प्यायली, खालच्या अंगाला बसली आणि पाण्यात पाय सोडून तिनं डोळे मिटले.

उंबरात सोनेरी उजेड झाला, पानापानांवरून झिळमिळत डोंगरभर पसरला आणि त्यातच परी विरून गेली.

"आई, बघ ना!" हिरी म्हणाली.

आईनं डोळे उघडले. समोर नुसती झाडं होती. ती बघत बसली, आणि आज तिला उठायची घाई नव्हती.