लाल गाडीची मागची सीट

गॅरेजातल्या, गाड्या उचलून धरणाऱ्या जॅकने "कुणाला सांगू नकोस" म्हणून बजावलं होतं, तरी सांगते.

एक जुनी, स्वस्तात घेतलेली छोटी लाल गाडी होती. शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची म्हणून मालक इंद्रजितने तिची मागची सीटच काढली.

"जॅकदादा, मला भंगारात घालतायत का हो?" ती घाबरून म्हणाली.

"खुळी की काय तू! अंग हलकं झालं की जोरात पळशील."

आणि खरंच, ट्रॅकवर ती भल्याभल्या गाड्यांच्या पुढे गेली. "आता ती सीट नकोच मला!"

पण सोमवारी शाळेच्या फेरीसाठी सीट परत बसली, आणि सीटवर शाळेची पोरं. दंगा, गाणी, सांडलेले चुरमुरे! चढावर तिला धाप लागली. शाळेपाशी पोरं उतरली, मागची जागा रिकामी झाली, आणि गाडी पार गोंधळली. कारण ते ओझं गेल्यावर तिला चक्क चुकल्याचुकल्यासारखं... थांबा हं, आई हाक मारतेय. आले गं, आई!