कड्यातली कवचं

"मग मला शिष्य करून घेताय की नाही, बाबा? ट्रक सुटायची वेळ झाली!"

बाबा चुलीपाशी चहात सातूचं पीठ कालवत होते. बर्फ पडलं की स्पितीतल्या त्या मठाची वाट उन्हाळ्यापर्यंत बंद. आज राहिला तो राहिला.

विचारणारे सोहोनी मास्तर, सांगलीचे, भूगोल शिकवून निवृत्त. अंगात भगवा सदरा, पिशवीत पांढरा, तळाशी काळा. प्रत्येक मठाचा एकेक. इस्त्री मात्र सगळ्यांना!

"आधीचे मठ?"

"सोडले. कुठंच अडकलो नाही!" मास्तरांची छाती फुगली.

बाबांनी मागच्या काळ्या कड्याकडं बोट केलं. तो म्हणे पन्नास कोटी वर्षांमागं समुद्राचा तळ होता. मोजायला मी नव्हतो.

"त्यातला एक प्राणी आणा."

मास्तर धावले. बरगड्याबरगड्यांच्या, दगड झालेल्या किड्यांनी भरलेली फरशी घेऊन आले.

"ट्रायलोबाइट, बाबा! जत्रा भरलीय नुसती!"

"प्राणी कुठाय? ही तर कवचं. वाढला की जुनं टाकून पुढं जायचा. सगळी एकाच गड्याची असतील."

"आणि तो गडी?"

"तो पुढच्या मठात."

मास्तरांचे कान लाल झाले...

खालून हॉर्न वाजला. मास्तर उलट दिशेला, कड्याकडंच पळाले. आले तेव्हा नखं फुटलेली, धाप लागलेली. हातात दगड, त्यावर जाळीदार डाग.

"स्पंज, बाबा. डोळे नाहीत, पाय नाहीत. एका जागी चिकटून पाणी गाळत बसायचा. याला टाकायला कवचच नाही. हा... हा स्वतःच आहे."

बाबांनी दगड कपाळाला लावला.

मास्तरांनी तिथंच मांडी ठोकली. "मीही बसलो. आता हलणार नाही!"

"छान," म्हणत बाबा उठले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि थेट ट्रकमध्ये चढून बसले.

मास्तर अर्धवट उठले. गुडघे अधांतरी. "अहो! तुम्हीच निघालात? मग मी इथं कुणासाठी..."

ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून बघायला लागला.

मास्तरांनी ट्रककडं पाहिलं. दगडाकडं पाहिलं. दात आवळले... आणि परत बसले.

ट्रक हलला. वळणावरून बाबांची हाक आली,

"चूल विझू देऊ नका!"