सात वारांचा फोन

नाशिकच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत रणपिसे साहेब तंत्रप्रमुख म्हणून आले आणि चौथ्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं. बाजार समितीच्या लिलावाची पायथन भाषेत लिहिलेली सगळी सिस्टीम मोडीत काढायची आणि रस्ट या भाषेत नव्याने लिहायची!

कल्याणी दाभाडेला खुर्चीत बसवेना. तीन वर्षं तिनेच ती सिस्टीम पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. साहेब तक्त्यांवर तक्ते दाखवत होते, रस्ट कशी वाऱ्यासारखी पळते आणि पायथन कशी गोगलगाय. कल्याणी पेनाचं टोपण काढत होती, लावत होती, पुन्हा काढत होती.

"आहे कुणाकडे माझ्या तक्त्याला उत्तर?" साहेब गरजले.

"उत्तर कशाला, साहेब? आजच सुरू करू," म्हणत कल्याणी ताडकन उठली आणि दाराजवळच्या फळ्यापाशी गेली.

सिस्टीम अडकली की कुठल्या वारी फोन कुणी घ्यायचा, त्यांची नावं त्या फळ्यावर असत. तिने डस्टरने सगळी नावं पुसली आणि सातही वारांपुढे लिहिलं, 'रणपिसे साहेब'.

"हे काय चालवलंय?" साहेब फळ्यापाशी धावले.

"लिलाव थांबला की व्यापारी फोनवरून आग ओकतात, साहेब. तेव्हा तक्त्याने भागत नाही, तिथल्या तिथे दुरुस्ती करावी लागते. आणि रस्ट इथे फक्त तुम्हालाच येते."

तेवढ्यात फोन खणखणला. सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या.

साहेबांनी घाईघाईने हात पुढे केला आणि उचलला, तो डस्टर.