एकशे सात लाल दुरुस्त्या

दुपारी जिथला पंखाही डुलक्या घेत फिरतो, अशा एका कचेरीतली ही गंमत. हसू नका, तुमच्या कचेरीतही तसलाच पंखा असेल.

तिथल्या टंकलेखिका कुमुदबाईंनी गावचं तळं वाचवण्यासाठी सुरेख पत्र लिहिलं. बारटक्केसाहेबांनी कॉम्प्युटरवर त्यात दुरुस्त्या केल्या, आणि कॉम्प्युटर प्रत्येक दुरुस्ती लाल रंगात दाखवतो. पानभर लालच लाल, जणू झोपेत गुलमोहर झडला!

"मोठे साहेब येतायत," बारटक्के गुरगुरले. "पत्रात लाल ठिपका जरी दिसला, तर उद्यापासून तुम्ही रेकॉर्ड रूममध्ये, उंदरांच्या सोबतीला!"

आता लाल घालवायला बटणं दोन. एक दुरुस्ती मान्य करतं, दुसरं ती नाकारून मूळ मजकूर परत आणतं. कुमुदबाईंनी डोळे मिटले, तळ्यावरचा वारा आठवला आणि एक बटण दाबलं. पान स्वच्छ झालं.

मोठे साहेब वाचता वाचता हरवले. "वा! पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं वाटलं."

"एकशे सात दुरुस्त्या केल्यात मी!" बारटक्के फुलले. "विचारा बाईंना!"

"खरंय साहेब," कुमुदबाई बारटक्क्यांना म्हणाल्या. "पण लाल काही दिसता कामा नये म्हणालात, आणि लाल तेवढं तुमचंच होतं. सगळं काढलं."

मोठे साहेब असे हसले, की पंखा दचकून जागा झाला. रेकॉर्ड रूममधले उंदीर मात्र अजून सोबतीची वाट बघतायत.